फळ्यावरची पाचवी ओळ

आमच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर बरीच वर्षं एक पत्र्याचा फळा होता. सहा फूट बाय चार, पांढरी पाटी, निळी अक्षरं. आत कोणकोणती रसायनं साठवली आहेत, रोज किती सांडपाणी निघतं, धुराड्यातून काय बाहेर पडतं, घातक कचरा किती तयार होतो आणि तो कुठे जातो, हे सगळं येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल अशा जागी, मराठीत, ठळक लिहून ठेवायचं असा सरकारी नियम आहे. नियम चांगला आहे. कुणा भल्या माणसानं तो केला असणार. येणाराजाणारा थांबून वाचील असं त्या भल्या माणसाला वाटलं, तिथे मात्र तो फसला. कुत्री त्या फळ्याच्या सावलीत झोपत आणि बायका एसटीची वाट बघत त्याच्या खांबाला टेकून बसत. इतकी वर्षं झाली, त्याच्याकडे तोंड करून उभा राहिलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो म्हणजे ज्यानं तो फळा रंगवला तो दामू पेंटर.

मी त्या कारखान्यात कारकून आहे. शहापूरहून एसटीनं किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला जायचं आणि संध्याकाळी त्याच रस्त्यानं परत यायचं. आमच्याकडे सगळे म्हणतात, "मॅडमकडे पर्यावरण आहे." म्हणजे त्या नावाची फाइल माझ्या कपाटात आहे. वर्षाचं विवरणपत्र मी भरते, तपासणीला साहेब आले की कागद मी पुढे करते, आणि फळ्यावर काय लिहायचं तो मजकूरही मीच कागदावर उतरवून देत असे. दामूचा आणि माझा संबंध आला तो एवढ्यापुरता. तो पुढे वाढला त्यात माझं कौतुक काही नाही.

दामू रोकडे टोकावड्याच्या रस्त्यावरच्या एका वाडीतला. वाडीचं नाव सांगत नाही, तिथल्या लोकांच्या नावानं आल्या तेवढ्या नोटिसा पुरे झाल्या. उंच, काटकुळा, पाठीत किंचित वाकलेला. खाकी हाफ पँट आणि वर पांढरा सदरा, सदऱ्याचे दोन्ही खिसे ब्रशांनी भरलेले. रंग कसा उतरतो ते तो डाव्या अंगठ्याच्या नखावर लावून बघायचा, आणि ते नख कधी पुसायचा नाही. त्यामुळे दामूनं शेवटचं काम कुठलं केलं ते त्याच्या अंगठ्यावरून कळायचं. पिवळं असलं तर रस्त्याचा दगड, हिरवं असलं तर म्हशाच्या जत्रेतल्या बैलांची शिंगं, निळं असलं तर जयंतीची कमान. एप्रिलमध्ये तो अंगठा महिनाभर निळा असायचा, आणि त्या महिन्यात त्याला दुसऱ्या कुणाचं काम घ्यायला लावणं कुणाच्या बापाला जमलं नाही.

फ्लेक्स आला तसे तालुक्यातले बाकीचे पेंटर रिक्षा चालवायला लागले, कुणी कसाऱ्याला हायवेच्या कामावर गेले. दामू राहिला, कारण कारखान्यांच्या फळ्यावरचे आकडे अधूनमधून बदलावे लागत आणि त्यासाठी दरवेळी नवा फ्लेक्स कोण छापणार. आकडे बदलत असत असं मी म्हणते खरी. बदलायची ती तारीख.

त्याची काम करायची पद्धत ठरलेली होती. आधी दोरीला नीळ लावून पाटीवर रेघा मारायच्या. मग ओळभर अक्षरं काढायची, पण डोक्यावरची रेघ न देता. ती बिनरेघेची अक्षरं बघायला उघडीबोडकी वाटायची. सगळी ओळ झाली की तो लांब रुंद ब्रश घ्यायचा, श्वास रोखायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात रेघ ओढायचा. शेवटचं अक्षर होईपर्यंत चहा घ्यायचा नाही. त्याचे नियम दोनच होते आणि ते तो मागितल्याशिवाय सांगायचा. पहिला, "अक्षराला पोट पायजे, मानसाला नको." दुसरा, "दुसऱ्याच्या अक्षरावर आपलं अक्षर काढायचं नाय. आधी ते साफ करायचं, मग आपला हात लावायचा." जुन्या पाटीवर नुसता रंग फासून वर लिहिणाऱ्या पेंटरांना तो पेंटर मानतच नसे. रॉकेलचा बोळा आणि पातं घेऊन तो आधीचं अक्षर मुळापासून खरवडायचा आणि मग पाटीवरून तळहात फिरवून बघायचा. या दुसऱ्या नियमानं पुढे जो घात केला, तो माझ्यासारख्या दहा खोटारड्या कारकुनांनाही साधला नसता.

एकदा मी त्याला फळ्याचा मजकूर देताना धुराड्याच्या आकड्यापाशी पेन्सिलीनं स्वतःसाठी टिपून ठेवलं होतं, 'साहेबांना विचारून घालणे.' ते खोडायचं राहिलं. दामूनं फळा रंगवला. 'धुराड्यातील उत्सर्जन : मर्यादेत. साहेबांना विचारून घालणे.' निळं, गोल पोटाचं, देखणं अक्षर. तो फळा तसाच अकरा दिवस उभा होता. त्या अकरा दिवसांत तपासणी झाली. तपासणीचे साहेब आणि आमचे मॅनेजर फळ्याच्या दोन बाजूंना उभे राहिले, फोटो निघाला, आणि अहवालात शेरा पडला की फलक नियमानुसार आहे. मला ते दिसलं बाराव्या दिवशी, एसटी चुकली म्हणून. दामूला बोलावून घेतलं तर त्याचा चेहरा एकदम निवांत.

"ताई, कागदावर होतं ते काढलं. आमी अक्षरं काढतो. वाचायचं काम तुमचं."

"अहो, पण काढताना वाचता येतं ना?"

"वाचलं का अक्षर बिघडतं," दामू म्हणाला. "मानूस अर्थात गुततो आनि पोट चपटं होतं."

आम्ही दोघं खूप हसलो. तो फोटो अजून फाइलीत आहे.

आता पिंपांचं सांगते. रसायनं येतात ती निळ्या प्लास्टिकच्या पिंपांतून. वाडीवस्तीवर त्याला ड्रम म्हणतात. रिकामं झालेलं पिंपसुद्धा घातक कचऱ्यातच मोडतं, ते परवाना असलेल्या केंद्राकडेच पाठवायचं असतं. काही जायची. काही भंगारात जायची. आणि दामूचं काम झालं की स्टोअरचे साहेब मोठ्या मनानं म्हणायचे, "पेंटर, चार ड्रम घेऊन जा वाडीला." फाटकाबाहेर जाण्याचा पास मी लिहायची. त्यावर 'भंगार' असं लिहायची. टेम्पो त्या फळ्याखालूनच बाहेर पडायचा.

ते ड्रम वाडीला हवे होते, अगदी जिवाभावानं हवे होते. होळी झाली की वाडीची विहीर तळ गाठते आणि मग टँकरवर सगळं चालतं. टँकरवाला थांबतो मोजकी मिनिटं. पूर्वी हंडे, कळशा, तेलाचे डबे, काय मिळेल ते रस्त्यावर मांडलेलं असायचं, आणि हंडा माझा की तुझा यावरून बायकांची डोकी फुटायची. अगदी खरोखरची फुटायची. दामूच्या भावजयीच्या, सखूच्या कपाळावर टाक्यांची खूण होती. तिची नवऱ्यामागे एकटीची चूल, मुलगा कामासाठी बाहेरगावी, भांडायला अंगात जोर नाही, त्यामुळे तिचा हंडा रांगेत कायम शेवटी. दामूनं चार-चार करत ड्रम आणले आणि तीन उन्हाळ्यांत वाडीतल्या एक्केचाळीस घरांच्या दारात एकेक ड्रम उभा केला. आणि प्रत्येकावर नाव घातलं. भांडणं थांबली. ज्याचं नाव त्याचा ड्रम, ज्याचा ड्रम त्याची जागा.

मी एकदा त्या रस्त्यानं टोकावड्याला लग्नाला गेले होते तेव्हा ती रांग बघितली. पोलीसपाटलाच्या नावाला ठसठशीत सावली, मास्तराचं नाव बाराखडीसारखं सरळसोट, विहाराच्या ड्रमावर 'बुद्धविहार' आणि शेजारी एक कमळ. एका म्हाताऱ्याला सगळे म्हातारा म्हणत म्हणून त्याच्या ड्रमावर 'म्हातारा', आणि तो त्यावर खूश होता. सगळ्यांत देखणं अक्षर सखूच्या ड्रमावर. 'सखूबाय रोकडे.' तिला वाचता येत नव्हतं. ती नुसता हात फिरवून आपला ड्रम ओळखायची.

नाव घालण्याआधी दामू त्याच्या नियमाप्रमाणे ड्रम साफ करायचा. ड्रमावर रसायनाबरोबरच आलेली पट्टी असायची, वर इंग्रजीत बारीक मजकूर आणि लाल चौकटीत चित्रं. ती त्यानं एक्केचाळीस वेळा रॉकेल लावून, पात्यानं खरवडून काढली. एकच पट्टी त्यानं अख्खी सोडवून आपल्या ब्रशांच्या पेटीच्या झाकणात आतून चिकटवली होती. मला कौतुकानं दाखवलीही. वाळलेलं झाड आणि शेजारी उलटा पडलेला मासा.

"बघा ताई, तीन रेघांत मासा मेला. हात हाय या मानसाचा."

मी म्हणाले, छान आहे. मला त्या चित्राचा अर्थ माहीत होता. पाण्यातला जीव मारणारं रसायन. मी तो अर्थ एका कार्यशाळेत शिकले होते, मला त्याचं प्रमाणपत्र आहे. तेव्हा का बोलले नाही, याची उत्तरं मी स्वतःला पुष्कळ दिली. लोक धुऊन घेत असतील. सगळ्या तालुक्यात असेच ड्रम आहेत. आमच्या शहापूरच्या घराच्या गच्चीवरही एक आहे. एकाही उत्तरानं भागत नाही.

सखूचे हात आधी फुटले. मग सोलायला लागले, साल निघावी तसे. भूक गेली. दामू तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हुशार होत्या. हात उलटसुलट करून त्यांनी विचारलं, "मावशी, केमिकलच्या कंपनीत कामाला आहात का?" सखू म्हणाली, "मी कुटं जाते गो, घरीच अस्ते." डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं. पण तो प्रश्न दामूच्या डोक्यात घर करून बसला.

चैत्रातली दुपार होती. दामू माझ्या टेबलापाशी आला. काम नव्हतं, बोलावलं नव्हतं, अंगठा निळा होता आणि जयंतीचं काम टाकून तो आला होता, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"ताई, त्या ड्रमात काय असायचं?"

मी त्याच्याकडे बघितलं आणि मला धड खोटंही बोलता आलं नाही. म्हणाले, "दामूदादा, फळ्यावर आहे. पाचवी ओळ."

तो बाहेर गेला. मी खिडकीतून बघत होते. तो फळ्यासमोर उभा राहिला. बोटानं एकेक अक्षर धरत, पहिल्या ओळीपासून. स्वतःच्या हातचं अक्षर तो परक्याचं पत्र वाचावं तसा वाचत होता. ओठ हलत होते. पाचव्या ओळीवर बोट थांबलं. 'रसायनांची रिकामी पिंपे : घातक कचरा. मानवी वापरास अयोग्य. परवानाधारक केंद्राकडे पाठवली जातात.' माझी वाक्यरचना, त्याचा हात. दरवर्षी नव्यानं रंगवलेली. तो ऊन उतरेपर्यंत तिथे उभा होता. कुत्रं उठून दुसऱ्या खांबाखाली गेलं.

दुसऱ्या दिवशी तो अर्जाचा कोरा कागद घेऊन आला. वाडीतले सगळे ड्रम सरकारनं उचलावेत आणि पाण्याला चांगले ड्रम द्यावेत, एवढं एकच त्याला हवं होतं. शिक्षा कुणाला नको होती. मी त्याला मदत केली, आणि ती मदत अशी, की मी म्हणाले, "अर्जात कारखान्याचं नाव घालू नका. उगाच फाटे फुटतील. आधी ड्रम जाऊ देत." त्याला ते पटलं. तो माझ्यावर विश्वास ठेवायचा. मी कुणासाठी बोलले ते मला तेव्हाही माहीत होतं.

अर्ज त्यानं स्वतः लिहिला, दोरी मारून, पोटदार अक्षरात. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑफिसात म्हणे सगळ्यांनी तो हातात घेऊन बघितला, एका शिपायानं मोबाइलवर फोटो काढला. चौथ्या फेरीला एक साहेब जीप घेऊन वाडीत आले. माणूस वाईट नव्हता. तीन तालुके त्याच्या एकट्याच्या गळ्यात होते, तरी तो उन्हात एक्केचाळीस दारं फिरला, सखूचे हात त्यानं वाकून बघितले. जाताना त्यानं ड्रमांची यादी केली. कुणाकडे काय आहे हे विचारायची गरजच पडली नाही, प्रत्येक ड्रमावर मालकाचं नाव लांबून वाचता येईल असं लिहिलेलं होतं.

मग नोटिसा आल्या. एक्केचाळीस. नियमात असं आहे, की घातक कचरा ज्याच्या ताब्यात तो त्याला जबाबदार. अर्जात दुसऱ्या कुणाचं नाव नव्हतं. तेव्हा आपण विनापरवाना घातक कचरा बाळगल्याचं आढळून आलं असून तो पंधरा दिवसांत परवानाधारक केंद्राकडे सुपूर्द करावा, अन्यथा कारवाई. 'श्री. सखूबाय रोकडे यांस.' 'श्री. म्हातारा यांस.' 'श्री. बुद्धविहार यांस.' हे वाचून मला हसू आलं, आणि मग माझीच मला शिसारी आली.

त्या नोटिसा दामूनं विहारात बसून सगळ्यांना वाचून दाखवल्या. ज्या माणसानं जन्मभर वाचलं नाही, त्यानं एकाच मजकुराची नोटीस एक्केचाळीस वेळा वाचली, कारण प्रत्येक घराला आपली वेगळी ऐकायची होती. त्यानंच मला हे सांगितलं. एका बाईनं विचारलं, "दादा, आमची नावं सरकारला दिली कोनी?"

"मीच दिली गो," दामू म्हणाला. "ड्रमावर काढली तवाच दिली."

त्या केंद्राला दामूनं फोन लावला. ते फक्त सभासद कारखान्यांचा कचरा घेतात. वाडीला सभासद होता येत नाही.

आता दामूनं खरं सांगायचं ठरवलं. मला आधी येऊन सांगितलं, परवानगी मागितल्यासारखं. "ताई, आता नाव घालावं लागंल." मी होकाराची मान हलवली. ते साहेब कारखान्यात चौकशीला आले, सोबत दामू होता. मॅनेजरनी माझ्याकडे बोट केलं. मी फाइल काढली. फाइल चोख होती, मीच ठेवली होती. जेवढी पिंपं रिकामी झाली तेवढी सगळी केंद्राकडे गेली असं दरवर्षीच्या विवरणपत्रात होतं. खाली सही मॅनेजरांची, अक्षर माझं.

साहेबांनी मला सरळ विचारलं, "मॅडम, पिंपं इतर कुणाला दिली जातात का?"

घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, निवृत्तीला चार वर्षं. हे कारण आहे, समर्थन नाही. मी म्हणाले, "सगळी केंद्राकडे जातात, सर. पावत्या आहेत."

दामू दारात उभा होता. भंगाराचा पास कोण लिहितं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. माझं नाव त्यानं घेतलं नाही. त्यानं फक्त आपली ब्रशांची पेटी टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. मेलेला मासा, वाळलेलं झाड, खाली इंग्रजी मजकूर.

"ही पट्टी या ड्रमांवरची, सायेब. मीच काढली."

साहेबांनी ती नीट वाचली. मग हळूच म्हणाले, "पेंटर, यावर रसायन बनवणाऱ्याचं नाव आहे, या कारखान्याचं नाही. आणि पट्टी तुमच्या पेटीवर आहे. पिंपांवर फक्त तुमच्या वाडीची नावं आहेत. पट्ट्या पिंपांवर असत्या तर मी काहीतरी करू शकलो असतो."

"साफ करूनच नाव घालतो मी," दामू म्हणाला. पेटी बंद करून तो निघाला. दाराशी थांबून मला म्हणाला, "येतो ताई." पूर्वी म्हणायचा तसंच.

त्या आठवड्यात मी आमच्या गच्चीवरचं पिंप भंगारवाल्याला देऊन टाकलं. म्हणजे ते आता दुसऱ्या कुणाच्या तरी दारात आहे.

नोटिसांचं पुढे काही झालं नाही. कारवाई झाली नाही आणि ड्रमही गेले नाहीत. तेव्हा दामूनं स्वतःच हात घातला. त्यानं एक्केचाळीस ड्रमांवरची आपली अक्षरं खरवडली आणि लाल रंगात लिहिलं, 'धोका. यात पाणी भरू नये.' अंगठा लाल झाला. टँकर आला. टँकरवाला थांबला मोजकी मिनिटं, आणि सगळ्यांनी त्याच ड्रमांत पाणी भरलं, कारण दुसरं भरायला काही नव्हतं. काही बायकांनी त्या लाल अक्षरांवर जुनं लुगडं गुंडाळलं. "दादा, सारखं डोळ्यांसमोर नको," असं त्या म्हणाल्या. सखूनंही भरलं. आणि ड्रमांवर नावं नव्हती, त्यामुळे रांगेत पुन्हा ढकलाढकली सुरू झाली, पुन्हा सखू शेवटी.

श्रावणात ती गेली. कागदावर कावीळ आहे.

दिवाळीनंतर कारखान्यानं फळा काढून विजेवर चालणारी पाटी बसवली. तिच्यावर लाल आकडे आपोआप सरकत जातात. त्यांना रंगवणारा लागत नाही. खाली टेकून बसायला आता खांबही नाही, म्हणून बायका रस्त्यापलीकडे उभ्या राहतात.

यंदा मार्चअखेर मी टोकावड्याच्या एसटीत होते, नात्यात कुणाला तरी बघायला निघाले होते. वाडीच्या वळणावर गाडी थांबली, कारण रस्त्याच्या कडेनं ड्रमांची रांग आणि बायकांची गर्दी होती. मी का उतरले ते सांगता येणार नाही. दामू रांगेत बसला होता. आणखी वाकलेला. पुढ्यात निळ्या रंगाचा डबा. पलीकडे एक बाई डोक्याला फडकं बांधून बसली होती, फडक्यावर रक्ताचा डाग होता. पुन्हा भांडणं झाली होती, हे विचारायची गरज नव्हती. वाडीनं त्याला पुन्हा नावं घालायला सांगितलं होतं.

पण तो आता खरवडत नव्हता. ना रॉकेलचा बोळा, ना पातं. लाल अक्षरांवर सरळ निळं फासून वर पांढऱ्यानं नाव काढत होता. आणि काढताना पुटपुटत होता. जवळ गेले तेव्हा कळलं, तो प्रत्येक अक्षर वाचत होता. पोटं चपटी झाली होती. डोक्यावरची रेघ तुटत तुटत जात होती, श्वास रोखणं त्याला जमत नव्हतं.

समोरचा ड्रम सखूचा होता. आता तो तिच्या सुनेकडे आला होता. ती पोट धरून, म्हणजे सहाव्या-सातव्या महिन्यातली, शेजारी उभी होती.

दामूनं मला बघितलं. राग नव्हता, ओळख होती. ड्रम त्यानं माझ्याकडे वळवला.

"ताई, वाचा."

इतक्या वर्षांत त्यानं कुणाला आपलं अक्षर वाचायला सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. मी वाचलं, "रंजना रोकडे."

"आनि त्याच्याखाली?"

ओल्या निळ्यातून लाल दिसत होतं. 'धोका' चांगलं वाचता येत होतं. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, ती सूनही बघत होती. वळणावर टँकरचा भोंगा वाजला.

"नीट दिसत नाही," मी म्हणाले.

दामूनं मान डोलावली, मी मजकुराचा कागद हातात दिला की डोलवायचा तशी. मग ब्रश डब्यात बुडवून त्यानं त्या जागेवर आणखी एक हात मारला.